कॅमेरा गर्दीकडे! जपानी रॉकपटांचे १९ भन्नाट किस्से

साठचं दशक संपता संपता जगभरच्या तरुणांनी केस वाढवले, गिटार गळ्यात अडकवली आणि वडीलधाऱ्यांना उलटे प्रश्न विचारायला सुरुवात केली. नेमक्या त्याच सुमारास खांद्यावर घेऊन पळता येतील असे सोळा मिलिमीटरचे कॅमेरे हाताशी आले. मग काय, अमेरिकेत 'मॉन्टेरी पॉप' आला, 'वुडस्टॉक' आला, 'गिमी शेल्टर' आला. या चित्रपटांची नावं आपल्याकडच्या रसिकांना तोंडपाठ असतात. पण त्याच वर्षांत जपानमध्येही रॉक आणि फोक संगीतावर एकाहून एक माहितीपट निघत होते, हे फारसं कुणाला माहीत नसतं. या जपानी चित्रपटांचं वेगळेपण चटकन डोळ्यांत भरतं. गायकाइतकाच त्यांचा जीव जागेत गुंतलेला असतो. चौक कुणाचा, शेत कुणाचं, मंच कुणाचा, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक चित्रपटात डोकं वर काढतो. म्हणून तर ते आजही ताजे वाटतात. चला, एकेक किस्सा बघू.

१. बीटल्सचे कॅमेरामन चक्क पोलीस

जून १९६६ मध्ये बीटल्स तोक्योत उतरले तेव्हा वार्ताहरांबरोबर पोलिसांचाही कॅमेरा चालू होता. बंदोबस्ताची नोंद म्हणून तोक्यो पोलिसांनी सुमारे ३५ मिनिटांचं कृष्णधवल चित्रण केलं आणि कपाटात ठेवून दिलं. पुढे नागोयातल्या काही नागरिकांनी ते जनतेसमोर आणा म्हणून मागणी केली. पोलीस म्हणाले, देतो, पण बीटल्स सोडून बाकी सगळ्यांचे चेहरे पुसट करून. नागरिक कोर्टात गेले, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि २०१८ मध्ये निकाल पोलिसांच्या बाजूने लागला. शेवटी २०२२ मध्ये चित्रण लोकांपुढे आलं, ते पुसट चेहऱ्यांसकट. रॉकच्या इतिहासातला पाऊण तासाहून छोटा हा ऐवज, पण त्यासाठी झालेली लढाई मोठी!

२. गडद सूट की फिका सूट?

बीटल्सचे पाचही कार्यक्रम बुदोकानमध्ये झाले. १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेली ही वास्तू. मार्शल आर्टच्या पवित्र जागेत लांब केसांच्या पोरांचा धांगडधिंगा नको, म्हणून केवढा गदारोळ उठला होता. निप्पॉन टीव्हीने ३० जून आणि १ जुलै असे दोन दिवस रंगीत चित्रीकरण केलं. जपानमधल्या टीव्ही बघणाऱ्या निम्म्याहून अधिक घरांनी तो कार्यक्रम पाहिला. आज दोन्ही दिवसांची चित्रफीत बघायला मिळते आणि कुठली कुठल्या दिवसाची, हे ओळखायची चाहत्यांची खूण सोपी आहे. गडद सूट असतील तर ३० जून, फिके असतील तर १ जुलै. पहिल्या दिवशी पॉल मॅकार्टनीचा माईक जागेवर राहायला तयार नव्हता, हेही त्यात स्पष्ट दिसतं. गाता गाता तो बिचारा माईकच्या मागे मागे मान वळवतो!

३. रात्रीत चौकाचा झाला रस्ता

१९६९ मध्ये तोक्योच्या शिंजुकू स्टेशनच्या पश्चिम दाराजवळच्या भुयारी चौकात दर शनिवारी संध्याकाळी तरुण मुलं गिटार घेऊन जमू लागली. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातली गाणी म्हणायची, अनोळखी माणसांशी वाद घालायचे, पुन्हा गाणी म्हणायची. 'फोक गेरिला' म्हणून ही मंडळी गाजली. जूनच्या अखेरीस गर्दी ७,००० च्या घरात गेली आणि अश्रुधूर सुटला. जुलैत प्रशासनाने एक अजब तोडगा काढला. तिथल्या पाटीवरचा 'चौक' काढून 'रस्ता' असं लिहिलं! चौकात माणूस थांबू शकतो, रस्त्यावर मात्र त्याने चालत राहायचं असतं. थांबलेल्याला हटवायला पोलीस मोकळे. केया ओउचिदा यांनी हा सगळा काळ 'चिका हिरोबा', म्हणजे 'भुयारी चौक' या माहितीपटात टिपला. पाटी बदलली, पण चित्रपटाच्या नावात चौक कायम राहिला.

४. वुडस्टॉकच्या सहा दिवस आधी

वुडस्टॉक सुरू झालं १५ ऑगस्ट १९६९ ला. जपानच्या गिफू प्रांतात, नाकात्सुगावाजवळच्या एका तळ्याकाठी 'ऑल जपान फोक जांबोरी' सुरू झाली ९ ऑगस्टला! म्हणजे अमेरिकेची नक्कल केली, असं म्हणायची सोयच नाही. आयोजक कोण, तर त्या भागातली कामगारांची संगीत संघटना. मोठा प्रायोजक नाही, चकचकीत मंच नाही. पहिल्या वर्षी आलेले लोक काही हजार. डोंगर, तळं, तंबू आणि रात्रभर गाणी. आपल्याकडे गावजत्रेत तमाशाचा फड रात्रभर रंगतो, तसाच या मेळ्याचाही जीव रात्रीत होता.

५. हिप्पींच्या मेळ्यात साठीकडे झुकलेला दिग्दर्शक

या जांबोरीचं दुसरं वर्ष, १९७०, पडद्यावर आलं. चित्रपटाचं नाव 'दाकारा कोको नी किता', मराठीत सांगायचं तर 'म्हणूनच आम्ही इथे आलो'. दिग्दर्शक शिनकिची नोदा यांचा जन्म १९१३ चा. म्हणजे विशीतल्या पोरांच्या गर्दीत कॅमेरा घेऊन फिरणारा हा माणूस पंचावन्न ओलांडलेला, मुळात कवी. त्याच वर्षी नोदांनी डोंगरातल्या एका हिवाळी देवकार्यावरही माहितीपट केला. रात्रभर चालणारं नृत्य, उकळत्या पाण्याचे विधी, मुखवटे घातलेले देव. एकीकडे गिटारवाले, दुसरीकडे मुखवटेवाले. माणसं रात्र जागवून एकत्र का येतात, हे कुतूहल दोन्हीकडे तेच. जांबोरीच्या चित्रपटात तंबूत झोपलेली, जेवणारी, नुसती बसलेली मुलं दिसतात, त्यामागे ही नजर आहे.

६. मागे उभे चौघे, पुढे इतिहास

याच मेळ्यात 'फोकचा देव' म्हणून ओळखला जाणारा नोबुयासु ओकाबायाशी गातो. पाद्र्याचा मुलगा, धर्मशास्त्राचं शिक्षण अर्धवट सोडलेला. पण आज ते चित्रण बघताना जाणकारांचे डोळे त्याच्या मागे वाजवणाऱ्या चौघांवर खिळतात. तो बँड होता 'हॅपी एंड'. रॉक जपानी भाषेत गाता येतो की नाही, यावर तेव्हा तिथे चक्क मासिकांतून वाद झडत होते. या चौघांनी जपानीतच गाऊन दाखवलं आणि वादाची हवाच काढून घेतली. त्यांच्यातला बासवादक हारुओमी होसोनो पुढे 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' घेऊन जगभर गाजला. नट पुढे आणि इतिहास मागच्या रांगेत, असं फार थोड्या चित्रपटांत बघायला मिळतं.

७. मंच बळकावला, मेळा संपला

१९७१ ची तिसरी जांबोरी मात्र वेगळ्याच वळणाने गेली. गर्दी २०,००० च्या वर गेली. हा मेळा आता धंदेवाईक झालाय, असा आरोप करत श्रोतेच मुख्य मंचावर चढले आणि माईक ताब्यात घेऊन वाद घालू लागले. कार्यक्रम तिथेच कोलमडला, चौथी जांबोरी झालीच नाही. त्याच मेळ्यात छोट्या मंचावर ताकुरो योशिदा नावाचा तरुण गायक एकच गाणं जवळजवळ दोन तास गात राहिला, अशी कथा जपानी संगीतरसिक आजही एकमेकांना सांगतात. 'निंगेन नान्ते' हे ते गाणं. तिथून योशिदाचं नाव देशभर झालं आणि फोक गाणं मैदानातून रेकॉर्डच्या दुकानात दिमाखाने शिरलं.

८. एक ऑगस्ट, चार मेळे

१९७१ चा ऑगस्ट महिना डोळ्यांसमोर आणा. १ तारखेला न्यूयॉर्कमध्ये 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. रविशंकर, अली अकबर खाँ आणि आपल्या मुंबईचे उस्ताद अल्लारखा मंचावर. ६ आणि ७ तारखेला जपानच्या हाकोनेत पिंक फ्लॉइड. ७ ते ९ नाकात्सुगावाची जांबोरी. १४ ते १६ सानरिझुकाच्या शेतांत 'गेन्या साई'. सोळा दिवस, चार मेळे आणि चारही ठिकाणी कॅमेरा नाहीतर टेप चालू! 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' चित्रपटगृहांत गेला, बाकीच्यांना मात्र आपापल्या वाटेने लोकांपर्यंत यावं लागलं.

९. धुक्याने खाल्ला भाव

हाकोने म्हणजे डोंगर, तळं आणि क्षणात बदलणारी हवा. पिंक फ्लॉइडची ही जपानमधली पहिलीच फेरी. त्यांचं वादन सुरू असताना डोंगरावरून धुकं उतरलं आणि मंचावर पसरलं. कुठल्याही प्रकाशयोजनाकाराला पैसे देऊन जमलं नसतं, असं दृश्य फुकटात मिळालं. त्या दिवसाचं सोळा मिलिमीटरवरचं चित्रण होतं, पण चांगल्या स्वरूपात ते लोकांपर्यंत यायला तब्बल ५० वर्षं लागली. २०२१ मध्ये 'अॅटम हार्ट मदर' अल्बमची खास जपानी आवृत्ती निघाली, त्यात ते दुरुस्त करून घातलं. गवतावर मांडी घालून बसलेली पोरं, टोप्या, छत्र्या आणि मागे दाटून आलेली हवा. संगीत थोडं बाजूला ठेवलं तरी बघत राहावं असं.

१०. विमानतळ नको, ढोल हवा

मुंबईहून तोक्योला जाणारे आपले कितीतरी लोक नारिता विमानतळावर उतरतात. हा विमानतळ जिथे झाला, त्या सानरिझुका परिसरातल्या शेतकऱ्यांनी १९६६ पासून जमीन वाचवण्यासाठी निकराचा लढा दिला. विमानतळ सुरू व्हायला १९७८ उजाडलं, यावरून त्या लढ्याची धग लक्षात येईल. १९७१ च्या ऑगस्टमध्ये, पूर्वजांना आठवण्याच्या बोन सणाच्या दिवसांत, गावातल्या तरुणांनी तिथे तीन दिवसांचा 'गेन्या साई' भरवला. एकाच मैदानात बोनचं पारंपरिक नाच-गाणं, कानठळ्या बसवणारा फ्री जॅझ आणि भडक रॉक! शेतावरच्या आजीबाई आणि लांब केसांचे गिटारवाले एकाच चौकटीत येतात. त्याचा माहितीपट आणि ध्वनिमुद्रणं आज जपानी रॉकच्या अभ्यासकांना सोन्याहून पिवळी वाटतात.

११. शूटिंगला आले आणि गावकरी झाले

याच सानरिझुकात शिनसुके ओगावा हा दिग्दर्शक आपल्या चमूसह येऊन राहिला. पाहुणा म्हणून दोन दिवस आला आणि गेला, असं नाही. शेतकऱ्यांच्या शेजारी मुक्कामच ठोकला. १९६८ च्या 'सानरिझुकाचा उन्हाळा' पासून १९७३ च्या 'हेता गाव' पर्यंत माहितीपटांची मालिकाच उभी राहिली. पोलीस आले की गावकरी पत्र्याचे पिंप बडवून इशारा द्यायचे, तो आवाज या चित्रपटांचं खरं पार्श्वसंगीत. पुढे ओगावा यामागाता प्रांतात भातशेती करायला गेले आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. १९८९ पासून तो दर दोन वर्षांनी भरतो. आपल्या आनंद पटवर्धनांच्या 'राम के नाम'ला याच यामागातात पारितोषिक मिळालं. शाहिरांच्या आवाजात बोलणारा त्यांचा 'जय भीम कॉम्रेड' आणि ओगावांचे गावपट यांचं गोत्र एकच. गाणं कुठून येतं, ते बघायला दोघेही वस्तीत जातात.

१२. पाच तास चौदा मिनिटं

गेन्या साईत कडाडलेला एक बँड म्हणजे 'झुनो केइसात्सु', अर्थात 'डोक्यातले पोलीस'. हे नाव फ्रँक झॅपाच्या एका गाण्यावरून घेतलेलं. १९७२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम तयार झाला आणि विक्रीला येण्याआधीच थांबवला गेला, शब्द फार जहाल म्हणून. त्याच्या वेष्टनावर कुणाचा चेहरा होता? ३० कोटी येनच्या गाजलेल्या दरोड्यातल्या संशयिताचं, पोलिसांनी प्रसिद्ध केलेलं चित्र! तो दरोडेखोर शेवटपर्यंत सापडला नाही. २००९ मध्ये ताकाहिसा झेझे या दिग्दर्शकाने या बँडवर माहितीपट केला, त्याची लांबी ३१४ मिनिटं. एका रॉक बँडसाठी सव्वापाच तास! पण बघणारे सांगतात, त्यात एका पिढीचं आयुष्यच मावलंय.

१३. रॉटरडॅम ते ताजमहाल, व्हाया फोक्सवॅगन

आता आपल्या अंगणातला किस्सा. १९६९ मध्ये ताकेहिसा कोसुगी यांनी तोक्योत एक वाद्यवृंद उभा केला आणि नाव ठेवलं 'ताजमहाल ट्रॅव्हलर्स'. व्हायोलिन, ट्रम्पेट, कंठ, हाताला येईल ती वस्तू आणि प्रतिध्वनी निर्माण करणारी यंत्रं. सूर एकमेकांत मिसळत तासन्‌तास वाहत राहायचे. १९७१ मध्ये ही मंडळी युरोपात गेली, स्टॉकहोमच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये वाजवलं आणि मग फोक्सवॅगनची व्हॅन घेऊन नेदरलँड्सच्या रॉटरडॅमहून निघाली ती पश्चिम आशिया ओलांडून थेट आग्र्याला! ज्याचं नाव घेतलं, त्याचं दर्शन घेतल्याशिवाय प्रवास पुरा झाला असं त्यांना वाटेना. या भटकंतीवरचा माहितीपट १९७३ मध्ये आला. रस्ता, धूळ, माणसं आणि सलग वाहणारा नाद.

१४. दिग्दर्शक कोण? अॅस्ट्रो बॉयला आवाज देणारा!

हा माहितीपट करणारे मात्सुओ ओनो मुळात ध्वनीचे जादूगार. १ जानेवारी १९६३ ला जपानी टीव्हीवर 'अॅस्ट्रो बॉय' ही कार्टून मालिका सुरू झाली, तिच्यातले सगळे विचित्र, गोड, यांत्रिक आवाज ओनोंनी घडवलेले. त्या छोट्या यंत्रमुलाच्या पावलांचा आवाज जपानमधल्या एका अख्ख्या पिढीच्या कानात बसला आहे. संगणक नव्हता, सिंथेसायझर हाताशी नव्हता. टेप कापायची, जोडायची, उलटी फिरवायची, वेग बदलायचा. असा कान असलेला माणूस ताजमहाल ट्रॅव्हलर्सच्या मागे कॅमेरा घेऊन निघाला, म्हणून त्या चित्रपटात वारा, लाटा आणि वाद्यं यांच्यात सीमाच उरत नाही.

१५. बर्फाच्या गावात वारली चित्रं

ताजमहाल ट्रॅव्हलर्सपैकी एक होते तोकिओ हासेगावा. निसर्गाच्या ओढीने ते निईगाता प्रांतातल्या तोकामाचीत, डोंगरातल्या बर्फाळ गावात राहायला गेले. भारतीय लोककलांनी त्यांना वेड लावलं. १९८२ मध्ये बंद पडलेल्या एका शाळेत त्यांनी मिथिला संग्रहालय सुरू केलं. मधुबनीबरोबर तिथे आपली वारली चित्रंही मानाने नांदतात. डहाणूजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी तिथे मुक्काम करून चित्रं काढली. याच संग्रहालयात २००१ मध्ये गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचा मृत्यू झाला. भारतीय कलाजगताला झालेली ती जखम या नात्याच्या इतिहासातून वगळता येत नाही. तोक्योत दरवर्षी भरणाऱ्या 'नमस्ते इंडिया' महोत्सवामागेही हासेगावांचंच नाव आहे. साठच्या दशकातली भटकी वृत्ती कुठवर पोहोचली, बघा!

१६. सिनेमा बघून पेटलेलं शहर

'वुडस्टॉक' चित्रपट बघून भारावणारे लाखो होते. फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरातला एक तरुण मात्र घरी जाऊन झोपला नाही. आपल्या गावात असंच काहीतरी करायचं, असा ध्यास त्याने घेतला. ऑगस्ट १९७४ मध्ये 'वन स्टेप फेस्टिव्हल' उभा राहिला. गावाला झाडी द्या, तरुणांना चौक द्या आणि मोठं स्वप्न द्या, अशी त्याची घोषणा होती. पुन्हा तोच चौक! जपानी बँडांची रांग लागली आणि योको ओनो आपला बँड घेऊन गायला आली. पैशाच्या हिशेबात खोट आली, पण ध्वनिमुद्रणं जपून ठेवली गेली. २०१७ मध्ये ती २१ सीडींच्या संचात प्रसिद्ध झाली. एका चित्रपटाने एक शहर हलवलं, याहून मोठी पावती ती काय!

१७. टीव्हीवर प्रचाराऐवजी गाणं

कोरियामाच्या मेळ्यामागचा एक मोठा हात युया उचिदाचा. हा माणूस जपानी रॉकच्या प्रत्येक वळणावर भेटतो. १९६६ मध्ये बुदोकानला बीटल्सच्या आधी मंचावर गाणाऱ्यांत हा होता. जगभरच्या रसिकांनी डोक्यावर घेतलेल्या 'फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड'चा सूत्रधार हाच. १९९१ मध्ये तर तोक्योच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. सार्वजनिक वाहिनीवर उमेदवाराला भाषणासाठी वेळ मिळतो. उचिदाने त्यात जॉन लेननचं 'पॉवर टू द पीपल' गायलं! वाद्यं नाहीत, साथ नाही, सुटाबुटातला एकटा माणूस आणि कॅमेरा. निवडणूक हरला, पण ५०,००० हून अधिक तोक्योकरांनी त्याला मत दिलं. ते चित्रण म्हणजे काही मिनिटांचा स्वतंत्र रॉकपटच आहे.

१८. एका बँडपायी सुटली नोकरी, दुसऱ्याला मिळालं नाव

कावासाकीचा 'कॅरोल' हा बँड म्हणजे चामडी जाकिटं, तेल लावून मागे फिरवलेले केस आणि एइकिची याझावाचा आवाज. एनएचके वाहिनीतला दिग्दर्शक जिन तात्सुमुरा या पोरांवर माहितीपट करायला निघाला आणि वाहिनीशी त्याचे खटके उडाले. अखेर १९७४ मध्ये 'आर्ट थिएटर गिल्ड'तर्फे त्याचा 'कॅरोल' पडद्यावर आला आणि एनएचकेची नोकरी सुटली. पुढे याच तात्सुमुराने 'गाया सिंफनी' ही निसर्गावरची माहितीपट मालिका केली. गावोगावच्या प्रेक्षकांनी स्वतः खेळ लावून ती देशभर पोहोचवली. कॅरोलचा निरोपाचा कार्यक्रम १३ एप्रिल १९७५ ला तोक्योच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर झाला. बंदोबस्ताला मोटरसायकलवाल्या पोरांची टोळी होती आणि शेवटी मंचाने खरोखरच पेट घेतला. बँडच्या नावाची अक्षरं जळत खाली आली, तेव्हाही कॅमेरे चालू होते.

मोटरसायकलींवरून आठवलं. १९७६ मध्ये मित्सुओ यानागिमाचीने 'ब्लॅक एम्परर' या दुचाकी टोळीवर कृष्णधवल माहितीपट केला, 'गॉड स्पीड यू! ब्लॅक एम्परर'. रात्रीचे रस्ते, इंजिनांचा गडगडाट आणि घरी आईवडिलांची बोलणी खाणारी पोरं. जवळजवळ दोन दशकांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये एका बँडने हेच नाव जसंच्या तसं उचललं आणि तो बँड जगप्रसिद्ध झाला. त्यांचे किती चाहते मूळ चित्रपट शोधत जपानपर्यंत पोहोचले असतील!

१९. पुसलेल्या टेपा, घरी जपलेल्या टेपा

ऑक्टोबर १९७१ मध्ये एनएचकेवर 'यंग म्युझिक शो' सुरू झाला. पहिला मान 'क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल'चा. परदेशी बँड प्रत्यक्ष बघायला मिळणं दुर्मीळ होतं, तेव्हा हा कार्यक्रम म्हणजे जपानी पोरांची शाळाच. मात्र त्या काळी व्हिडिओ टेप भलतीच महाग असायची. एका कार्यक्रमावर दुसरा रेकॉर्ड करायची रीत होती आणि कितीतरी कार्यक्रम असे पुसले गेले. नंतर एनएचकेने प्रेक्षकांनाच साद घातली, तुमच्या घरी जुनी रेकॉर्डिंग असतील तर द्या. आणि लोकांनी माळे धुंडाळून ती दिली! कलाकाराच्या, प्रेक्षकाच्या, घरातल्या थोरल्या भावाच्या कपाटातून इतिहास परत आला.

सुरुवात कुठून करायची?

गाण्यासाठी बघणार असाल तर आधी 'दाकारा कोको नी किता'. माणसांसाठी बघणार असाल तर 'हेता गाव'. वेगाची आवड असेल तर 'ब्लॅक एम्परर'. आणि रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून बसायची तयारी असेल तर ताजमहाल ट्रॅव्हलर्स. फिल्म सोसायट्यांनी हे चित्रपट आवर्जून मागवावेत, कारण जागेचा आणि गाण्याचा प्रश्न आपलाही आहे.

आणि एक कळकळीची विनंती. १९७१ मध्ये आपल्याकडे लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेह यात्रा' नावाचा रॉक मेळा भरला होता. त्याला गेलेली माणसं आज सत्तरीत, ऐंशीत आहेत. मुंबई-पुण्यातल्या कॉलेजांचे रॉक कार्यक्रम, गोव्यातल्या किनाऱ्यांवरचे हिप्पींचे दिवस, कुणाच्या ना कुणाच्या घरी त्यांच्या आठ मिलिमीटरच्या रिळा, कॅसेटी, फोटोंचे अल्बम पडलेले असणारच. बुरशी रिळाला वाट बघू देत नाही. माळा उघडा, डबे काढा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. जपानला ५० वर्षांनी हाकोनेचं धुकं परत मिळालं, मग आपल्याला मळवलीचा पाऊसवारा का मिळू नये?